सोवळ्यातला लिनक्स आणि विंडोजचे गेम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या आणि जुन्या कॉम्प्युटरचे काय करायचे हा प्रश्न मराठवाड्यातल्या हॉस्टेलांत आणि भाड्याच्या खोल्यांत येऊन बसला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीच्या पुढचा. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या खोलीतला किंवा नांदेडच्या इंजिनिअरिंगच्या पोराने चुलतभावाकडून घेतलेला असेंबल्ड पीसी या चाळणीतून खाली पडतो. मग कोणीतरी म्हणते, लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी खुली प्रणाली) टाक. पोरगा लगेच विचारतो, गेम चालतात का? इथून पुढे जो वाद सुरू होतो तो फार वाईट पद्धतीने घातला जातो. एक बाजू छातीठोक सांगते की आता सगळे चालते, स्टीम (गेमचे ऑनलाइन दुकान) टाक, बटण दाब, विंडोज उडव. दुसऱ्या बाजूला दोन प्रकारचे लोक बसलेले असतात. काही म्हणतात, लिनक्स हे सर्व्हरचे काम, गेम त्याच्या नशिबी नाहीत. काही त्याहून कडक असतात. विंडोजचाच गेम आणि तोही एका कंपनीच्या बंदिस्त लाँचरमधून, म्हणजे गेम उतरवून चालवून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, खेळायचा, तर लिनक्स बाटवायचा कशाला, असा त्यांचा सवाल.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. विंडोजचे गेम लिनक्सवर लाँचरमधून खेळावेत, खुशाल खेळावेत. ही तडजोड आहे आणि ती करण्यासारखी आहे. पण ‘चालतो की नाही’ यावर सगळा दारूगोळा संपवणाऱ्यांना खरा प्रश्न दिसतच नाही. गेम चालवण्याचे तंत्र बहुतांशी सुटलेले आहे. सुटलेला नाही तो हा मुद्दा की चालू द्यायचे की नाही हे ठरवणारी किल्ली कोणाच्या कनवटीला आहे.

तंत्राबद्दल थोडे सांगायला हवे, कारण दोन्ही बाजू त्याबद्दल ऐकीव बोलतात. वाईन नावाचा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. विंडोजचा प्रोग्रॅम जी मागणी विंडोजकडे करतो (फाइल उघड, खिडकी काढ, आवाज वाजव) ती मागणी अडवून लिनक्सला समजेल अशी करून देणे हे त्याचे काम. त्यात विंडोज कुठेही नसते, नक्कल केलेला कॉम्प्युटरही नसतो. त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडले. पंधरा वर्षे लोक चिकाटीने एकेक दार उघडत होते. गेमचे घोडे अडले होते ते डायरेक्टथ्रीडीपाशी, म्हणजे विंडोजच्या चित्र रंगवण्याच्या यंत्रणेपाशी. २०१६ मध्ये चित्र रंगवण्याचेच व्हल्कन हे खुले मानक आले आणि त्यानंतर फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरने डायरेक्टथ्रीडीच्या मागण्या व्हल्कनमध्ये बदलून देणारे डीएक्सव्हीके लिहायला घेतले, कारण त्याला ‘निअर ऑटोमाटा’ हा एक गेम लिनक्सवर खेळायचा होता. त्यात काही क्रांतीबिंती नव्हती, नुसती हौस होती. स्टीमची मालक व्हॉल्व्ह कंपनी त्याच्या मागे उभी राहिली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वाईन, डीएक्सव्हीके आणि बाकीचे तुकडे एकत्र बांधून ‘प्रोटॉन’ नावाने स्टीममध्येच बसवले गेले. लाँचरचे महत्त्व इथे येते. पूर्वी एकेका गेमसाठी संध्याकाळभर कुठल्यातरी आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवत बसावे लागे. आता प्रत्येक गेमला स्वतंत्र विंडोजसारखा कप्पा करून देणे, प्रोटॉनची योग्य आवृत्ती निवडणे, लागणाऱ्या फायली आणून ठेवणे हे लाँचर करतो. एपिक, जीओजी अशा स्टीमबाहेरच्या दुकानांसाठी ल्युट्रिस आहे, हिरोइक आहे. एपिकने आपला लाँचर लिनक्ससाठी काढलेलाच नाही, जीओजीनेही बरीच वर्षे तिकडे पाठ केली. पण हिरोइक हा स्वयंसेवकांचा मुक्त लाँचर दोन्हीकडची खाती उघडतो आणि गेम उतरवून चालवतो. दुकानाने जे केले नाही ते गिऱ्हाइकांनी स्वतः करून घेतले.

आता विरोधकांचे म्हणणे, आणि त्यातले सगळ्यात वजनदार आधी. ते असे की विंडोजचे गेम लिनक्सवर आयते चालू लागले तर लिनक्ससाठी मुद्दाम गेम बनवेल कोण? या म्हणण्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १९९२ मध्ये आयबीएमने ओएस/टू २.० बाजारात आणले तेव्हा ते विंडोजचे प्रोग्रॅम विंडोजपेक्षाही चांगले चालवते अशी त्याची जाहिरात होती, आणि ती पोकळ नव्हती. परिणाम काय झाला? सॉफ्टवेअर कंपन्यांनी हिशेब केला की विंडोजसाठी एकदा लिहिले की दोन्हीकडे खपते. ओएस/टू साठी वेगळे लिहिण्याचे कारणच उरले नाही, आणि काही वर्षांत ती प्रणाली बाजूला पडली. हा दाखला देणाऱ्याला वेड्यात काढून चालणार नाही.

पण दाखला पूर्ण लावून पाहिला तर तो वेगळेच काही सांगतो. ओएस/टू हा एका कंपनीचा बंद माल होता. कंपनीचे मन उडाले, माल संपला. वाईन, प्रोटॉन, डीएक्सव्हीके यांचा कोड खुला पडलेला आहे. उद्या व्हॉल्व्हने दुकानाला कुलूप लावले तरी हा थर कोणाच्या मालमत्तेबरोबर लिलावात जाणार नाही. दुसरे म्हणजे, लिनक्सकडे मोडण्यासारखा स्वतःचा संसार होता कुठे? तोही मार्ग चोखाळून झालेला आहे. १९९८ मध्ये लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी केवळ विंडोजचे गेम लिनक्ससाठी रीतसर बांधून विकायला निघाली. गेम चांगले होते, काम मनापासूनचे होते, आणि २००२ च्या जानेवारीत कंपनी बंद पडली. व्हॉल्व्हनेच २०१५ मध्ये ‘स्टीम मशीन’ नावाचे लिनक्सवरचे कॉम्प्युटर बाजारात आणले. गेम कंपन्या लिनक्सच्या आवृत्त्या काढतील या भरवशावर ते उभे होते. त्या पुरेशा आल्या नाहीत आणि यंत्रे दुकानात धूळ खात राहिली. त्याच कंपनीने २०२२ च्या फेब्रुवारीत स्टीम डेक हे हातात धरायचे यंत्र काढले, तेही लिनक्सवरच, पण या वेळी भरवसा प्रोटॉनवर होता. ते चालले. ‘अस्सल आवृत्ती येऊ द्या, मग बघू’ या धोरणाला वीस वर्षे मिळाली होती. आणखी किती द्यायची?

शिवाय अस्सल आवृत्ती म्हणजे कायमचे दान, ही समजूतही खरी नाही. ‘रॉकेट लीग’ची लिनक्स आवृत्ती होती. २०१९ मध्ये एपिकने ती बनवणारी कंपनी विकत घेतली आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सचा पाठिंबा काढून घेतला. ज्यांनी लिनक्स आवृत्ती आहे म्हणून पैसे मोजले त्यांच्या हातात काय राहिले? जुन्या लिनक्स आवृत्त्यांचे आणखी एक दुखणे आहे, जे त्या चालवून पाहिलेल्यालाच कळते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बांधलेला लिनक्स गेम आजच्या लिनक्सवर उघडायला बसा. त्याला हव्या त्या जुन्या लायब्ऱ्या (प्रणालीकडून लागणाऱ्या मदतीच्या फायली) सापडत नाहीत, आवाजाची पद्धत बदललेली असते, पडदा काळा राहतो. त्याच काळातली विंडोज आवृत्ती प्रोटॉनमध्ये मुकाट्याने सुरू होते. लिनक्सवर सर्वांत टिकाऊ ठरलेला गेमचा साचा विंडोजचा निघावा, हा विनोद आहे खरा, पण तो लिनक्सवाल्यांनाच आधी पटला.

मराठवाड्याने हा पेच रुळांवर भोगलेला आहे. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून हैदराबादकडे जाणारी निजामाच्या काळातली रेल्वे मीटरगेज होती, आणि मनमाडला तिची गाठ मुंबईच्या ब्रॉडगेजशी पडे. तिकडे कुर्डुवाडीला लातूरकडून येणारी बार्शी लाइट रेल्वे तर अडीच फुटी नॅरोगेज. रूळ बदलला की माणसांनी गाडी बदलायची आणि मालाने वाघीण. कापूस असो की धान्य, हमालांनी एकीतून उतरवायचे आणि दुसरीत भरायचे. वेळ जायचा, पैसा जायचा, माल सांडायचा. म्हणून ब्रॉडगेजची मागणी इथल्या विकासाच्या आंदोलनांत वर्षानुवर्षे राहिली. पण रुंदीकरण होईपर्यंत माल पाठवणारच नाही, असे जालन्याच्या कोणत्या व्यापाऱ्याने म्हटले का? माल वाघिणी बदलत जात राहिला आणि मागणीही चालू राहिली, दोन्ही एकाच तोंडाने. पुढे रूळ बदलले, आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली ती त्याच जुन्या नॅरोगेजच्या वाटेवर टाकलेल्या ब्रॉडगेजवरून. कोट्याहून आणलेल्या टाक्या त्या रुळावर बसल्या, कारण माप सगळ्या देशाशी जुळलेले होते. प्रोटॉन ही मनमाडची हमाली आहे असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. एवढेच सांगेन की या हमालीत बहुतेक गेमना फारसा वेग गमवावा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ती चालू असतानाच व्हल्कनचा रुंद रूळही टाकला जातो आहे. हे खुले मानक वापरणारे गेम आज विंडोजसाठीही निघतात. दोन्ही कामे बरोबर चालतात. ती एकमेकांच्या आड येतात असे दाखवणारा पुरावा मला तरी दिसलेला नाही.

सोवळेवाल्यांच्या दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. स्टीम बंदिस्त आहे, गेम बंदिस्त आहेत, मग मुक्त सॉफ्टवेअरचे, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो त्याचे, नाव कशाला घ्यायचे? आक्षेप तत्त्वाने बरोबर आहे, माझा नाइलाज आहे. पण या चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांचेच म्हणणे आपल्याकडच्या त्यांच्या चाहत्यांपेक्षा मवाळ निघते. २०१२ मध्ये स्टीम लिनक्सवर येणार अशी बातमी आली तेव्हा त्यांनी यावर लिहिले. असे गेम अन्याय्यच आहेत, पण कोणी ते खेळणारच असेल तर विंडोजपेक्षा जीएनयू-लिनक्सवर (लिनक्सला ते असेच म्हणतात) खेळलेले बरे, निदान विंडोजच्या जाचातून तरी सुटका होते, अशा आशयाचे. फायदा आणि तोटा दोन्ही त्यांनी मांडले होते. आपल्याकडे तोटा तेवढा पाठ झाला.

आणि आपल्याकडे तुलना कशाशी करायची हेही प्रामाणिकपणे बोलावे. मुंबई-पुण्याच्या चर्चेत एका बाजूला मुक्त सॉफ्टवेअर आणि दुसऱ्या बाजूला विकत घेतलेले विंडोज असते. तालुक्याच्या गावी दुसरी बाजू अशी नसते. तिथे दुकानात ‘विंडोज मारून द्या’ म्हटले की दोन-तीनशे रुपयांत ते मारून मिळते, सोबत क्रॅक केलेले ऑफिस येते, आणि गेम म्हणजे कोणाच्या तरी हार्डडिस्कवरून उतरवलेला रिपॅक, म्हणजे क्रॅक करून दाबून बांधलेली प्रत, जो टाकताना अँटीव्हायरस बंद करा अशी सूचना असते. त्या रिपॅकबरोबर काय काय घरात शिरते याचा हिशेब कोणी ठेवत नाही; नंतर आई त्याच कॉम्प्युटरवर बँकेचे खाते उघडते. या परिस्थितीत ज्या पोराने लिनक्स टाकले, स्टीमवर रुपयांतली किंमत पाहून सेलमध्ये एक गेम यूपीआयने घेतला, किंवा एपिकने फुकट दिलेला हिरोइकमधून उतरवला, त्याला आपण बाटलेला म्हणणार? माझ्या मते त्याने पहिल्यांदाच कोणाचेही न चोरता, कोणालाही घरात न घुसवता गेम खेळला. शुद्धतेचे प्रमाणपत्र द्यायचेच असेल तर इथून सुरुवात करा.

एक दावा मात्र मी लिनक्सवाल्यांचाही खोडून काढतो. ‘गेमच्या निमित्ताने मुले लिनक्स शिकतात’ असे सांगून पालकांना गप्प करायची एक पद्धत पडली आहे. लातूर पॅटर्नच्या गावात पालकांना शिक्षणाचे नाव काढून काहीही खपवता येते हे खरे, पण हिरवे बटण दाबून कोणी ऑपरेटिंग सिस्टिम शिकत नाही. काही मुले अडल्यावर लॉग वाचतात, ड्रायव्हर म्हणजे काय ते समजून घेतात. बरीचशी दुसऱ्या कोणाला तरी फोन करतात. गेम हा करमणुकीचा प्रकार आहे आणि करमणूक म्हणूनच त्याची बाजू घेता यावी. माझा मुद्दा याहून लहान आहे. ज्या पोरांना प्रोग्रॅमिंगसाठी लिनक्स आवडते तीसुद्धा एका गेमसाठी अर्धी डिस्क विंडोजला देऊन ठेवतात, आणि आठवड्यातून दोनदा रीबूट करण्याचा कंटाळा येऊन शेवटी विंडोजमध्येच राहतात. राज्यात २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून बाहेर पडलेल्या पिढीला कॉम्प्युटर म्हणजे विंडोज हे समीकरण आयतेच मिळाले. त्याला गेमचे टाचण लागले की ते सुटत नाही. टाचण काढले तर निदान निवड उरते.

‘जुन्या कॉम्प्युटरला नवजीवन’ हेही थोडे तपासून घ्या. लिनक्स जुन्या यंत्रावर हलके चालते, गेम तसे चालतीलच असे नाही. डीएक्सव्हीकेच्या २.० पासूनच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते. इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आतल्या ग्राफिक्सवर ते धड मिळत नाही. तिथे ओपनजीएल या चित्र रंगवण्याच्या जुन्या मानकाच्या वाटेने काही हलके गेम चालतात, बाकी हात जोडायचे. सहाव्या-सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि सेकंडहँड बाजारातले एएमडीच्या आरएक्स ५८० सारखे ग्राफिक्स कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. एएमडीचे ड्रायव्हर लिनक्समध्येच असतात, वेगळे काही शोधावे लागत नाही. विंडोज ११ ने बाहेर काढलेला नेमका हाच वर्ग आहे आणि या वर्गाला लिनक्सवर गेम सुखाने खेळता येतात. त्याखालच्यांना खोटी आशा दाखवून आपण लिनक्सचेच नाव घालवतो. अशीच एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही आणि मग ‘लिनक्सवर काहीच चालत नाही’ अशी बोंब होते: विंडोजच्या डी ड्राइव्हवर, म्हणजे एनटीएफएस पार्टिशनवर पडलेला गेम तिथूनच प्रोटॉनने चालवायला जाऊ नका. लिनक्सच्या पार्टिशनवर त्याची प्रत घ्या.

इंटरनेटचा मुद्दा मला यापेक्षा गंभीर वाटतो आणि तो लाँचरच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडे लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दोन जीबी मिळत असतील तर पन्नास जीबीचा गेम उतरायला पंचवीस दिवस. त्यात लिनक्सवरचा स्टीम वरून शेडरच्या (चित्र रंगवण्याच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) तयार फायलीही उतरवत बसतो. तो पर्याय बंद करता येतो, पण आहे हे माहीत पाहिजे. आता गंमत पाहा. प्रोटॉन विंडोजचीच आवृत्ती वापरत असल्यामुळे हॉस्टेलमधल्या मित्राच्या विंडोज पीसीवर तो गेम आधीच असेल तर स्टीम त्याच फायली खोलीतल्या खोलीत, नेटवर्कवरून ओढून घेऊ शकतो. ही सोय २०२३ पासून आहे. वेगळी लिनक्स आवृत्ती असती तर ती नव्याने उतरवावी लागली असती. ज्याला सोवळेवाले कमअस्सल म्हणतात त्याचा हा फायदा परभणीत कळतो, कॅलिफोर्नियात कळणार नाही. दुसरीकडे, गावी गेल्यावर नेट नसले आणि लाँचरने ‘आधी लॉगिन करा’ म्हटले की पैसे देऊन घेतलेला गेम समोर असून खेळता येत नाही. लाँचर आपल्या सोयीचा असतो तसाच तो दुकानाचा दाराशी बसवलेला माणूसही असतो.

किल्लीचा प्रश्न तो हाच. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, एपिकने जीटीए ५ आठवडाभर फुकट वाटला. इतकी झुंबड उडाली की त्यांचे दुकान काही तास बंद पडले. आपल्याकडच्या पुष्कळ पोरांच्या खात्यात तो तेव्हापासून पडून आहे. लिनक्सवर त्याचा एकट्याने खेळायचा भाग चालतो. ऑनलाइन भागही चालत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये गेमची मालक रॉकस्टार कंपनीने त्यात बॅटलआय हे फसवेगिरी पकडणारे सॉफ्टवेअर बसवले आणि लिनक्सवरचे खेळाडू एका रात्रीत बाहेर. बॅटलआय लिनक्सवर चालत नाही म्हणून? छे. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट या दोन्हींनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय केलेली आहे, गेमच्या मालकाने ती चालू करण्याचा अवकाश. रॉकस्टारने केली नाही. ‘एपेक्स लेजेंड्स’ने तर २०२२ पासून दिलेली परवानगी ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस काढून घेतली. ‘फोर्टनाइट’ लिनक्सवर येत नाही, कारण एपिकच्या प्रमुखांना ते नको आहे. जिथे तंत्र हजर आहे आणि दार तरीही बंद आहे, तिथे ‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ हे वाक्य म्हणायचे की ‘चालू देत नाहीत’ हे?

कंपन्यांची बाजू पूर्ण खोटी नाही. लिनक्समध्ये यंत्राचा मालक कर्नेलही, म्हणजे प्रणालीचा गाभाही, बदलू शकतो. म्हणजे ज्या तळावर पहारेकरी उभा राहतो तो तळच खेळाडूच्या हातात असतो, आणि फसवणारे त्याचा फायदा घेतात. हरामखोर दहा असले तरी खेळ शंभरांचा बिघडतो. त्यात स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सचा वाटा ऑक्टोबर २०२५ मध्ये कुठे पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. एवढ्यांसाठी कोण जोखीम घेईल? तरीही उपाय म्हणून ‘व्हॅलोरंट’सारखे गेम जे करतात ते पाहा: विंडोजच्या कर्नेलमध्ये, कॉम्प्युटर सुरू होताक्षणी, आपला पहारेकरी बसवायचा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका बिघडलेल्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटायची वेळ आली, ती याच तळाशी बसवलेल्या सॉफ्टवेअरमुळे. ती कंपनी सुरक्षेचाच धंदा करणारी होती. करमणुकीच्या एका कंपनीला तीच जागा द्यायची का, हा प्रश्न विंडोजवाल्यांनीही विचारायला हवा. असो. ज्याचा जीव व्हॅलोरंटमध्येच अडकला आहे त्याला मी लिनक्स टाक म्हणणार नाही. त्याने विंडोज ठेवावे. हे स्पष्ट सांगण्याऐवजी ‘काहीतरी जुगाड होईल’ म्हणणारे आपले मित्र लिनक्सचे जास्त नुकसान करतात.

व्हॉल्व्हबद्दलही भाबडेपणा नको. २०१२ मध्ये तिचे प्रमुख गेब न्यूवेल विंडोज ८ वर तुटून पडले ते मुक्ततेच्या प्रेमाने नव्हे. मायक्रोसॉफ्ट विंडोजमध्येच स्वतःचे दुकान थाटत होते आणि त्यात स्टीमची जागा जाईल ही भीती होती. लिनक्स हा त्यांचा पळवाटेचा बोगदा होता. बोगद्यातून आपल्यालाही जाता आले याचा आनंद आहे, म्हणून त्यांचा फोटो देव्हाऱ्यात ठेवू नये. स्टीमवर घेतलेला गेम आपला नसतो, वापरण्याचा परवाना असतो. १ जानेवारी २०२५ पासून हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणे भाग पाडणारा कायदा कॅलिफोर्नियाने केला, तेव्हा कुठे पैसे भरायच्या पानावर तसे लिहून येऊ लागले. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला. ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांना एकट्यानेही खेळता येईना. लिनक्स असो, विंडोज असो, दोघांच्या हातात सारखाच भोपळा. जीओजीची रीत त्यामानाने सरळ आहे. इन्स्टॉलर उतरवा, हार्डडिस्कवर ठेवा, उद्या खाते असो नसो, नेट असो नसो, वाईनमध्ये तो चालवा. एकच गेम दोन दुकानांत असेल तर मी जीओजीकडून घेतो, शंभर रुपये जास्त गेले तरी. लिनक्सवरच्या पोरांनी ‘प्रोटॉनडीबीवर प्लॅटिनम आहे का’ (गेम प्रोटॉनवर कसा चालतो ते खेळाडूंच्या नोंदींवरून सांगणाऱ्या साइटवरचा वरचा शेरा) हे विचारण्याआधी ‘इन्स्टॉलर हातात मिळतो का’ हे विचारायची सवय लावली तर दुकानांच्या वागण्यात फरक पडेल असे मला वाटते, कारण तीन टक्के हे एकूणांत तीन असले तरी एखाद्या छोट्या स्टुडिओच्या गिऱ्हाइकांत पुष्कळ असतात.

छोट्या स्टुडिओंवरून आठवले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला, प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरचा, देखणा. विंडोज आणि कन्सोलसाठी निघाला, लिनक्ससाठी नाही. अशा स्टुडिओला लिनक्सची वेगळी आवृत्ती काढा म्हणणे अन्यायाचे आहे. दोन प्रणाल्यांवर चाचणी, दोन प्रकारच्या तक्रारी, आणि विक्री मूठभर. पण विंडोजचीच आवृत्ती एकदा प्रोटॉनवर चालवून पाहा, चित्रफितींसाठी तिथे अडकणारे प्रकार टाळा, विनाकारण स्वतःचा आणखी एक लाँचर मध्ये घालू नका, एवढे मागणे फार नाही. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगचे धोरण मंजूर केले आहे. सरकारी सवलत घेणाऱ्या पीसी गेमला दोन अटी त्यात घालता येतील. गेम प्रोटॉनवर तपासलेला असावा, आणि लाँचरशिवाय, नेटशिवाय चालणारी एक प्रत गिऱ्हाइकाला मिळावी. पहिली अट तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बीड किंवा हिंगोलीच्या पॉलिटेक्निकमध्ये विंडोज ११ ने नाकारलेले सातव्या पिढीचे दोन पीसी, त्यात सेकंडहँड कार्डे, आणि शेवटच्या वर्षाची चार मुले. प्रोजेक्टसाठी विषय शोधत ती तशीही दरवर्षी फिरतच असतात.